आक्काच्या माथी मारलेला शब्द

मला अजून राग येतो. माझी मुलं म्हणतात, सोड की आता आई, ती माणसंसुद्धा गेली. गेली तर गेली! मेल्यावर माणूस खरं बोलायला लागतो की काय? मला राग येतो आणि मी तो आवरणार नाही.

गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची. मी सांगलीला नर्सिंगचं ट्रेनिंग घेत होते. माहेर आमचं लोणंदजवळच्या एका खेड्यात. माझी थोरली बहीण, आक्का, कुंडलला दिलेली. दाजी पलटणीतून हवालदार म्हणून सुटून आलेले, पेन्शन चालू, उसाची जमीन, दारात बैल, सगळं होतं. पोर नव्हतं. तेवढ्यावरून घरच्यांनी ठरवलं काय, तर मला ट्रेनिंगमधून काढायचं आणि दाजींची दुसरी बायको करायची. कारण आक्काला रोग आहे, त्या रोगाचं नाव इंग्रजी आहे, आणि मोठ्या डॉक्टरनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. त्या एका नावावर माझ्या बहिणीचा संसार मोडायला निघाले होते.

आता ही नावं काय असतात ते आधी सांगते.

आमचं हॉस्टेल विश्रामबागेत होतं. पोरी बहुतेक मराठी शाळेतल्या, शेतकऱ्यांच्या. इंग्रजी म्हटलं की आमची दातखीळ बसायची. ट्यूटरबाईंनी पहिल्याच तासाला फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द लिहिला आणि म्हणाल्या, वाचा. कुणाला वाचता येतोय! माझ्या शेजारी एका जैन शेतकऱ्याची पोरगी बसली होती, ती तर मुसमुसायलाच लागली. बाई म्हणाल्या, "रडू नका आणि पाठही करू नका. तोडा."

मग त्यांनी तो शब्द तोडून दाखवला. पुढं एक तुकडा, मध्ये अवयवाचं नाव, शेवटी त्या अवयवाला काय झालं ते. शेवटी आयटिस आलं की सूज. एक्टमी आलं की कापून काढला. हिपॅट म्हणजे यकृत, नेफ्र म्हणजे मूत्रपिंड, गॅस्ट्र म्हणजे जठर. "मग हिपॅटायटिस म्हणजे काय?" बाईंनी विचारलं, आणि आम्ही सगळ्या एका दमात ओरडलो, "यकृताची सूज!" ऊस जसा पेरावर मोडायचा, तसा शब्द मोडायचा. निम्म्या जणी उसाच्या फडातूनच आलेल्या, आम्हाला ते चटकन कळलं. त्यानंतर आम्हाला नादच लागला. मेसच्या आमटीला आम्ही डाळेक्टमी म्हणायचो, कारण तिच्यातली डाळ कुणीतरी ऑपरेशन करून काढल्यासारखी असायची. वॉर्डन चिडली की तिला वॉर्डनायटिस झालेला असायचा. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला फार आवडले. आपल्याला अक्कल आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बाई एकेक संस्था घेत पुढं जायच्या. हाडं झाली, स्नायू झाले, रक्ताभिसरण, श्वसन, पचन, मूत्रसंस्था. पुस्तक एकच, तेही बाईंच्या हातात. त्या सांगणार आणि आम्ही लिहून घेणार. शेवटी प्रजननसंस्था आली. बायकांचं सगळं त्यांनी सांगितलं, गर्भाशय, बीजकोश, नळ्या, चित्रंसुद्धा काढून दिली. मग पाच-सहा पानं चिमटीत धरून एकदम उलटली आणि म्हणाल्या, "हे पुरुषांचं. तुमच्या कामाचं नाही. मेल वॉर्डात ते वॉर्डबॉय बघतात." आणि डोळ्यांच्या धड्यावर आल्या. पोरी खाली माना घालून हसल्या. मीही हसले. पुरुषाला हाडं होती, पोट होतं, मूत्रपिंडं होती, त्यापुढं आमच्या अभ्यासात पुरुष नव्हताच.

त्याच सुमाराला दाजी आक्काला घेऊन सांगलीतल्या एका डॉक्टरकडं आले. आधी आक्काला तपासलं. मग पुढच्या खेपेला दाजींचंही काहीतरी तपासायला घेतलं. आक्काला वाटलं, रक्तगट बघत असतील. नंतर दोघांना समोर बसवून डॉक्टर दाजींशी इंग्रजीत बोलले. पलटणीत दाजींचं इंग्रजी पक्कं झालं होतं. आक्का शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती, पण तिला मराठीत दोन शब्द सांगावेत असं त्या डॉक्टरला वाटलं नाही. बाईला काय सांगायचं! घरी गेल्यावर सासूनं विचारलं, काय म्हणला डाक्टर? दाजी म्हणाले, "हिला अझूस्पर्मिया झालाय."

आक्का बाजारच्या दिवशी हॉस्टेलवर आली. व्हरांड्यात बसली, डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, "मला त्यो आझूसपरमिया झालाय गं. तू शिकतीयास, तुला ठावं आसंल. त्येच्यावर काय औशीद हाय का न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. मी ट्यूटरबाईंकडं गेले. सरळ विचारलं, बाई, अझूस्पर्मिया म्हणजे काय हो? बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "कुठं ऐकलास हा शब्द? अभ्यासात नाही तो. मुलींनी असलं काही विचारू नये." झालं! मी समजले, म्हणजे नक्कीच बायकांचा काहीतरी घाण रोग असणार. माझ्या आक्काला! जी नवऱ्याच्या पलीकडं मान वर करून बघत नाही, तिला!

मग मी खोलीवर येऊन माझ्या परीनं तो शब्द तोडायला बसले. शेवटी मिया आहे. आम्ही अ‍ॅनिमिया शिकलो होतो, ल्यूकेमिया शिकलो होतो, त्यांच्या शेवटच्या तुकड्याचा अर्थ रक्त असतो. पुढचा अ म्हणजे नाही. मधल्या तुकड्याचा काही पत्ता लागेना, कारण तो तुकडा त्या उलटलेल्या पानांत होता. मी ठरवून टाकलं, रक्तात काहीतरी नाही. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळवल्या आणि आक्काला दिल्या. ती बिचारी नेमानं खायची. पोट बिघडलं तरी खायची, कारण धाकटी शिकलेली आहे आणि तिनं दिल्यात. आज हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आम्हाला शब्द तोडायला शिकवलं, आणि नेमका जिथं लागला तिथं कोयता काढून घेतला.

तिकडं कुंडलला तो शब्द बायकांच्या तोंडी गोवर-कांजिण्यांसारखा बसला. "ती न्हवं का, परमिया झालेली," असं पाणवठ्यावर बोलायचे. डोहाळजेवणाला तिला बोलावणं यायचं बंद झालं. बारशाला गेली तरी पाळण्याला तिचा हात लागू द्यायचे नाहीत. दाजी हे सगळं बघत होते, कानांनी ऐकत होते, आणि मिशीला पीळ देत पारावर बसून पलटणीच्या गोष्टी सांगत होते.

मग एक दिवस आबा, म्हणजे माझे वडील, हॉस्टेलवर आले. बरोबर आक्का. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि इकडचं-तिकडचं न बोलता म्हणाले, "तुझं ट्रेनिंग आता बास. तुला आक्काच्या घरी द्यायचं ठरतंय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "आक्काच्या घरी म्हणजे? दाजींना भाऊ कुठाय?"

आक्कानं माझा हात धरला.

"दुसरी करायचं पक्कं झालंय त्यांचं," ती म्हणाली. "परकी आली तर मला उंबऱ्याभायेर काढंल. तू आलीस तर मला भाकरीचा तुकडा तरी देशील. माझ्यासाठी ये गं. मी कामाला वाघ हाय, तुला चुलीम्होरं बसू द्यायची न्हाई. तुझी पोरं मी सांभाळीन."

माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्याकडं भाकरी मागितली. आणि तीही सवत हो म्हणून! तिकडं ही रीतच होती. थोरलीला पोर नाही झालं की पाठच्या बहिणीला आणायची, म्हणजे घर फुटत नाही, भांडणं होत नाहीत, जमीन घरातच राहते. पोरीला विचारायची रीत मात्र नव्हती. मी आबांना म्हटलं, कायद्यानं गुन्हा आहे हा. आबा म्हणाले, "कायदा सांगलीत. आमी देवळात लावनार." मी म्हटलं, मला पगाराची नोकरी लागेल, मी आक्काला सांभाळते. आबा म्हणाले, "नवरा असताना बहिणीच्या दारात? आमाला गावात तोंड दावायचं हाय." आणि येत्या सुट्टीला गावी ये, पाहुणे सुपारी फोडायला येणार आहेत, असं सांगून दोघं गेली. मी आक्काला एसटीपर्यंत सोडायलाही गेले नाही, इतकी चिडले होते.

मी काय करणार होते? खरं सांगते, बहुधा गेले असते. आक्काचा तो चेहरा बघून माझा पाय ट्रेनिंगमधून निघालाच होता.

त्या वर्षी नसबंदीचा भारी जोर होता. खेड्यापाड्यांतून माणसं आणायचे, शाळांच्या वर्गांत टेबलं मांडायचे. आम्हा पोरींना तिथं हत्यारं उकळायला आणि पट्ट्या करून द्यायला उभं करायचे. गंमत बघा, वर्गात जी पानं आमच्या कामाची नव्हती त्याच पानांच्या शिबिरात आम्ही सकाळपासून राबत होतो, फक्त पडद्याच्या अलीकडं. ऑपरेशन झालेल्या माणसांनी काही महिन्यांनी दवाखान्यात येऊन तपासणी करायची असे. पोर होण्याची शक्यता उरली नाही ना, ते बघायला.

अशाच एका तपासणीच्या दिवशी माझी ड्यूटी बाहेरच्या विभागात लागली. डॉक्टर तरुण होते, गप्पिष्ट. समोर एक पटकेवाला शेतकरी बसला होता, पांढऱ्या मिशा, हातात काठी. डॉक्टरांनी तपासणीचा कागद बघितला आणि हसून म्हणाले, "अझूस्पर्मिया! शाबास पाटील, काम फत्ते. आता काळजी नाही."

मी ट्रे घेऊन उभी होते. माझ्या आक्काचा रोग त्या मिशीवाल्याला झाला होता आणि डॉक्टर त्याला शाबास म्हणत होते.

म्हातारा गेल्यावर मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, हा अझूस्पर्मिया बायकांना होतो का?"

डॉक्टर खो-खो हसले. "बायकांना? अहो, बायकांना मिशा येतात का?" मग माझा चेहरा बघून हसणं थांबवलं आणि तो शब्द मला तोडून दिला. अ म्हणजे नाही. झू म्हणजे जिवंत जीव. स्पर्म म्हणजे पुरुषाचं बीज. इया म्हणजे तशी अवस्था. पुरुषाच्या बीजात जिवंत जीव नसणे. "ऑपरेशननंतर असं झालं तर उत्तम. काहींना मात्र ऑपरेशन न करताच असतं. त्यांना पोर होत नाही. बायकोचा त्यात काही दोष नसतो."

बायकोचा काही दोष नसतो! इतकं सोपं वाक्य. मराठी वाक्य. हे वाक्य त्या पहिल्या डॉक्टरनं आक्काच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्याचं काय जाणार होतं? पण नाही. पुरुषाची अब्रू इंग्रजीत गुंडाळून त्याच्या हातात दिली, आणि त्यानं घरी जाऊन ती बायकोच्या अंगावर फेकली.

मी तशीच ट्यूटरबाईंकडं गेले. माझा आवाज चढला होता, मला तो आवरत नव्हता. मी म्हटलं, बाई, तुम्ही ती पानं उलटली म्हणून माझी बहीण गावभर वांझ ठरली. तुम्हाला मी विचारलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं. बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "मलाही ती पानं कुणी शिकवली नव्हती. मी एकटीनं वाचली, दार लावून. सांगायची लाज वाटली." राग गेला नाही, पण भांडण तिथं संपलं.

सुट्टी लागली आणि मी पॅसेंजरनं लोणंदला उतरले. घरी पुढच्या सोप्यात जाजम घातलं होतं. दाजी, त्यांचे चुलते, आबा, आमच्या भावकीतली दोन म्हातारी माणसं. तबकात सुपारी, हळदकुंकू. आतल्या खोलीत आक्का, तिची सासू आणि आई. आईनं मला बघितल्याबरोबर हातात लुगडं दिलं. म्हणाली, "नेस आणि पाया पड समद्यांच्या. आन तोंड बंद ठेव." मी लुगडं खाटेवर टाकलं आणि होते त्या साडीनिशी सोप्यात आले.

"दाजी," मी म्हटलं, "डॉक्टरांनी तो शब्द कुणाबद्दल सांगितला होता?"

दाजी हसले. "तुला काय कळतंय त्यातलं? सलाईन लावायचं शिकलीस का अजून?"

"शिकले. आणि हेही शिकले." मग मी तिथं उभ्याउभ्या तो शब्द तोडला. अ म्हणजे नाही, झू म्हणजे जीव, स्पर्म म्हणजे पुरुषाचं बीज. माझ्या तोंडून वडीलधाऱ्या माणसांसमोर तो शब्द निघाला आणि आबा ताडकन उठले. माझ्यावर हात उगारला, पण मारला नाही. मी म्हटलं, "मारायचं तर मारा आबा, पण बाईला हा रोग होत नाही. होऊच शकत नाही. ज्याला मिशा त्यालाच होतो. मला तिथं दिलंत तरी पाळणा हलणार नाही, आणि दहा जणी दिल्यात तरी हलणार नाही."

दाजींचे चुलते म्हणाले, "पोरी, काय बोलतीयास? बाप्याला कुटं वांझपन आसतंय व्हय?"

"असतंय," मी म्हटलं. "त्यांना विचारा की. बसलेत समोर."

सगळे दाजींकडं बघायला लागले. दाजी जाजमाची किनार बोटानं कुरतडत होते. तेवढ्यात दारात आक्का आली. पाहुण्यांसमोर ती कधी उंबऱ्याच्या बाहेर यायची नाही. आली आणि नवऱ्याकडं बघत हळू आवाजात बोलली.

"आवं, डाक्टर तुमच्याकडं बघून बोलत व्हतं. तुमचं तोंड उतारलं. मला वाटलं, माझ्या काळजीनं उतारलं. एसटीत मी तुमास्नी धीर दिला. म्हनलं, माझ्यापायी नगा झुरू, तुमी दुसरी करा. तवा तुमी काय म्हनला? बघू म्हनला."

दाजींनी मान वर केली नाही. एवढा सहा फुटी हवालदार, पण "व्हय" म्हणायची छाती झाली नाही त्याची. चुलत्यांनी तबकातली सुपारी उचलली आणि न फोडताच आपल्या पानाच्या चंचीत टाकली. माझी सुटका झाली होती. मला वाटलं, आक्काचीही झाली.

कसली होतेय! त्या शहाण्या माणसांनी लगेच डोकी जुळवली आणि चुलते म्हणाले, "झालं ते झालं. आता ह्यो इषय ह्या घरातनं भायेर जाता कामा न्हाई. बाप्या मानसाच्या अब्रूचा सवाल हाय." आबांनी मान डोलावली. माझ्या आबांनी! पोरगी निर्दोष निघाली त्याचा आनंद नाही, जावयाची अब्रू राहिली त्याचा सुस्कारा. मी ओरडले, आणि आक्काची अब्रू? आईनं मला दंडाला धरून आत ओढलं.

आक्का दाजींबरोबर परत कुंडलला गेली. दुसरं लग्न रद्द झालं, आणि त्याचा अर्थ गावानं काय लावला असेल? गाव म्हणालं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! बायको अशी रोगी, तरी दुसरी केली नाही. देवमाणूस आहे. दाजी देवमाणूस झाले. पारावर त्यांना जागा करून द्यायला लागले. आणि आक्का जिथं होती तिथंच राहिली. उलट आता तिनं त्याचे उपकारही मानायचे होते.

मी पास झाले, सांगलीतच नोकरी लागली, विश्रामबागेत एक खोली घेतली. पहिल्या वर्षातच दाजींच्या त्या चुलत्यांच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं. मला बोलावणं होतं, नर्स म्हणून आता माझा मान होता. आक्का घरातलीच म्हणून तिला राबायला बोलावलं होतं. पहाटेपासून तिनं पुरण वाटलं, पाणी भरलं. दुपारी गरवार पोरीला पाटावर बसवलं आणि सवाष्णी एकेक करून तिची ओटी भरायला लागल्या. आक्कानं हात धुतले, पदर खोचला होता तो सोडला, आणि ओंजळीत तांदूळ, खण, नारळ घेऊन पुढं झाली.

चुलत्यांच्या बायकोनं तिचं मनगट धरलं. "तू नगं गं," ती म्हणाली. गोड आवाजात. "तुझं ठावं हाय न्हवं? उगं पोरीला बाधंल."

ज्या माणसानं सोप्यात सगळं ऐकलं होतं, त्याची ही बायको. हिला ठाऊक नसेल? पक्कं ठाऊक होतं. नजर चुकवत होती ती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मी उठलेच. पण आक्कानं माझ्याकडं बघून डोळ्यांनीच मला बसवलं.

"कसलं ठावं हाय मामी?" आक्का म्हणाली. तिचा आवाज मी कधी इतका मोठा ऐकला नव्हता. "त्यो रोग माझा न्हाई. अ म्हंजी न्हाई. झू म्हंजी जीव. स्पर्म म्हंजी बाप्याचं बी. बी माझ्या नवऱ्याचं मेलेलं हाय, माझं समदं जितं हाय. तुमच्या मालकांस्नी इचारा. सोप्यात बसून ऐकलंय त्यांनी."

चौथी शिकलेली माझी आक्का. मी एकदाच बोलले होते ते, सोप्यात, आणि तिनं दाराआडून ऐकून ठेवलं होतं.

पाटावरची पोरगी खाली बघत होती. मग आक्काची सासू किंचाळली, "नवऱ्याची अब्रू चारचौघीत काढतीस, जीभ कशी झडली न्हाई तुझी!" आणि सगळ्या बायकांना एकदम कंठ फुटला. शी, असं बोलतात का, पोटुशी बाई बसलीय, लाज कशी नाही. ओटी भरू द्या तिला, असं एकीच्या तोंडून निघालं नाही. एकीच्याही नाही! त्या दिवसापासून मी डोहाळजेवणाच्या पाटाजवळ फिरकत नाही.

आक्कानं तांदूळ परत ताटात ओतले, नारळ ठेवला, खण ठेवला. घरी गेली, दोन लुगडी पिशवीत घातली आणि मला म्हणाली, चल. मी कुठं ते विचारलं नाही.

आम्ही एसटीच्या थांब्यावर उभ्या राहिलो. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. दाजी पारावरून उठून तरातरा आले. मागं पाच-सात माणसं. दाजींनी आधी दम दिला, मग आवाज खाली आणला. "चल घरी. लोक काय म्हणतील?"

"म्हनू द्या लोकांस्नी," आक्का म्हणाली. "तुमी म्हना. हितं, ह्यांच्याम्होरं. हिला काय बी झालेलं न्हाई, एवढंच म्हना. तुमचं नाव बी घिऊ नगा. मी आत्ता माघारी येते."

मला वाटलं, म्हणतील. कसा का असेना, इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लेला माणूस होता. दाजींनी मागं उभ्या माणसांकडं बघितलं. मग आक्काकडं बघितलं. एसटी आली, कंडक्टरनं दार उघडलं, आक्का एक पाय पायरीवर ठेवून थांबली. कंडक्टर खेकसला, तरी ती थांबली. दाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि मागच्या माणसांना म्हणाले, "डोक्यावर परिनाम झालाय तिच्या. रोगाचा."

आक्का वर चढली.